पेपर कोणाच्या पैशावर चालतो?

दैनिकाच्या पहिल्या पानावर पाच-सहा रुपये किंमत छापलेली असते. त्यातला चौथा ते तिसरा हिस्सा एजंट आणि विक्रेत्याच्या कमिशनात जातो. उरलेल्या रकमेत वीस पानी अंकाच्या कागदाचा खर्चसुद्धा धड भागत नाही. शाई, छपाई, गाडीभाडे, पगार ही पुढची गोष्ट. महिनाअखेरीला रद्दी विकून वाचक भरलेल्या बिलातले काही रुपये परतही मिळवतो. एवढ्या घाट्यात चालणारी विक्री उद्योग म्हणून टिकते, कारण खरा गिऱ्हाईक वेगळा आहे. ‘फिक्की’ आणि ‘ईवाय’ यांच्या वार्षिक अहवालानुसार २०१९ मध्ये देशातल्या मुद्रित माध्यमांची उलाढाल सुमारे २९,६०० कोटी रुपये होती. त्यातले सुमारे २०,६०० कोटी जाहिरातींचे होते आणि ९,००० कोटी अंकविक्रीचे.

वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याची चर्चा आपल्याकडे बहुधा संपादक, सेन्सॉर आणि तुरुंग यांच्याभोवती फिरते. ती चर्चा आवश्यकच आहे. पण वृत्तपत्र उद्योगाच्या नियमनाचा पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला तर वेगळेच चित्र दिसते. सरकारने कागद, पाने, किंमत, पगार आणि नोंदणी या सगळ्यांवर नियम केले. त्यातले काही न्यायालयांनी मोडून काढले, काही काळाच्या ओघात गळाले. मात्र पैसा ज्या वाटेने येतो, त्या जाहिरातीच्या वाटेवर ना नियम आला ना उजेड. या लेखात तोच प्रवास तपासायचा आहे.

पहिल्या आयोगाची चिंता

स्वातंत्र्यानंतर पाचच वर्षांत, १९५२ मध्ये, न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला. १९५४ मध्ये त्याचा अहवाल आला. आयोगापुढची मोठी चिंता मक्तेदारीची होती. मोजक्या पंधरा मालकांच्या हाती दैनिकांचा निम्मा खप एकवटला आहे, असे त्याला आढळले. मोठा भांडवलदार जाहिरातीच्या जोरावर जास्त पाने कमी किमतीत देतो आणि त्यापुढे लहान गावातले दैनिक टिकत नाही, हे आयोगाचे निदान होते. त्यावर उपाय म्हणून त्याने ‘किंमत-पान कोष्टक’ सुचवले: अमुक किमतीला आठवड्यात अमुक इतकीच पाने.

आजची बरीचशी व्यवस्था याच अहवालातून निघाली. वृत्तपत्र निबंधकाचे कार्यालय जुलै १९५६ मध्ये सुरू झाले. श्रमिक पत्रकारांच्या सेवाशर्तींचा कायदा १९५५ मध्ये झाला. प्रेस कौन्सिलची शिफारसही याच आयोगाची. ती प्रत्यक्षात यायला १९६६ उजाडले. आणि १९५६ मध्येच संसदेने ‘वृत्तपत्र (किंमत व पाने) कायदा’ मंजूर केला. १९६० मध्ये त्याखाली आदेश निघाला आणि तो थेट पुण्यात येऊन अडला.

‘सकाळ’चा खटला

डॉ. ना. भि. परुळेकर यांनी १९३२ मध्ये सुरू केलेला ‘सकाळ’ त्या वेळी महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून रोज सुमारे ५२ हजार प्रती विकत होता. सोमवार ते शनिवार मिळून ३४ पाने आणि अंकाची किंमत ७ नवे पैसे. नव्या आदेशानुसार ७ पैशांत त्याला सहा दिवसांत २४च पाने देता आली असती. ३४ पाने कायम ठेवायची तर किंमत वाढवणे भाग होते. किंमत वाढवली तर खप घटणार, पाने कमी केली तर मजकूर घटणार. लहान वृत्तपत्राच्या रक्षणासाठी केलेला कायदा एका प्रादेशिक दैनिकाच्याच मुळावर आला होता.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६१ मध्ये हा कायदा आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरवले. निकालपत्र न्यायमूर्ती ज. रा. मुधोळकर यांनी लिहिले. युक्तिवाद नेमका होता. व्यवसायस्वातंत्र्यावर सार्वजनिक हितासाठी बंधने घालता येतात. पण भाषणस्वातंत्र्यावर घटनेच्या कलम १९ (२) मध्ये दिलेल्या कारणांपलीकडे बंधन घालता येत नाही, आणि ‘सार्वजनिक हित’ हे कारण त्या यादीत नाही. किती पाने छापायची आणि किती लोकांपर्यंत पोचायचे, हा अभिव्यक्तीचाच भाग आहे. जाहिरातीची जागा कापली तर किंमत वाढेल आणि खप घटेल, हेही न्यायालयाने नोंदवले.

हा निकाल भारतीय वृत्तपत्र-कायद्याचा पाया आहे आणि तो योग्यच होता. सरकारच्या हाती पानांची मोजपट्टी देणे धोक्याचे होते; ते किती, हे पुढे आणीबाणीत कळले. पण निकालाची एक बाजू फारशी बोलली जात नाही. आयोगाने दाखवलेला रोग खराच होता. न्यायालयाने चुकीचे औषध फेकून दिले. दुसरे औषध शोधण्याचे काम संसदेचे होते आणि ते तिने केले नाही. पुढे जाहिरातीच्या बळावर किंमत पाडून स्पर्धकाला नामोहरम करण्याची मोकळीक सगळ्यांना मिळाली, आणि तिचा सर्वाधिक फायदा घेण्याची ताकद फक्त मोठ्या साखळ्यांकडे होती.

कागदाचा कोटा

किंमत आणि पाने हातून निसटली तरी कागद सरकारच्या ताब्यात होता. देशातला पहिला वृत्तपत्र कागदाचा कारखाना भुसावळ-खंडवा लोहमार्गावरच्या नेपानगरला उभा राहिला आणि १९५५ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. १९८० च्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत तो एकटाच होता. बाकी कागद परदेशातून येई, त्याला परकीय चलन लागे आणि परकीय चलन म्हणजे परवाना. १९६२ च्या नियंत्रण आदेशाने प्रत्येक वृत्तपत्राचा कागदाचा कोटा ठरू लागला. कोटा खपावर ठरायचा, त्यामुळे खप फुगवून सांगण्याची सवय लागली. जादा कागद काळ्या बाजारात जाऊ लागला आणि केवळ कोट्यासाठी निघालेली ‘फाइल कॉपी’ नियतकालिके जिल्ह्याजिल्ह्यांत उगवली.

१९७२-७३ च्या कागद धोरणाने दैनिकांना दहा पानांची मर्यादा घातली. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ची मालक कंपनी ‘बेनेट कोलमन’ हिच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७२ मध्ये बहुमताने ती रद्द केली. त्या पीठावर न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांचे मत वेगळे होते. मुद्रणस्वातंत्र्य म्हणजे केवळ छापखान्याच्या मालकाचे स्वातंत्र्य नव्हे; वेगवेगळी मते ऐकायला मिळण्याचा समाजाचाही हक्क त्यात येतो, असा त्यांच्या भिन्नमताचा रोख होता. पुढे १९८० मध्ये फेररचना झालेल्या दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष मॅथ्यूच झाले. १९८२ च्या अहवालात आयोगाने किंमत-पान कोष्टक, बातमी आणि जाहिरात यांचे ठरावीक प्रमाण आणि वृत्तपत्रांना इतर उद्योगांपासून वेगळे करण्याची शिफारस केली. ‘सकाळ’ आणि ‘बेनेट कोलमन’ या निकालांच्या पार्श्वभूमीवर त्या शिफारशी कागदावरच राहणार हे उघड होते, आणि तसेच झाले.

नव्वदच्या दशकात कागदावरचे नियंत्रण उठले. त्यानंतर सरकारच्या हाती आयात शुल्काचे हत्यार उरले. १९८४ च्या ‘इंडियन एक्स्प्रेस’ निकालात न्यायालयाने वृत्तपत्र कागदावर कर लावता येतो, पण तो वाचकाच्या माहितीच्या वाटेत अडसर ठरू नये, असे सांगून सरकारला फेरविचार करायला लावले होते. तरीही हा प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात १० टक्के शुल्क लागले. प्रकाशकांच्या ‘इंडियन न्यूजपेपर सोसायटी’ने विरोध केल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये ते ५ टक्क्यांवर आले. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध आणि जहाजभाड्याच्या वाढीमुळे आयात कागदाचे भाव महासाथीपूर्वीच्या दुपटीवर गेले. कागद हा खर्चाचा तिसरा ते निम्मा हिस्सा असल्याने अनेक दैनिकांनी पाने कमी केली. किंमत वाढवण्याचे धाडस मात्र थोड्यांनीच केले.

स्वस्त अंकाचे युग

या धाडसाच्या अभावाचे मूळ नव्वदच्या दशकात आहे. १९९४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने दिल्लीत अंकाची किंमत एकदम उतरवली. ‘हिंदुस्तान टाइम्स’लाही खाली यावे लागले आणि किंमतयुद्ध शहराशहरांत पसरले. १९९६ मध्ये ‘दैनिक भास्कर’ने जयपुरात घरोघर पाहणी करून, आगाऊ वर्गणीदार नोंदवून आवृत्ती काढली. तेच तंत्र घेऊन हा समूह २०११ मध्ये ‘दिव्य मराठी’च्या रूपाने औरंगाबादेत उतरला तेव्हा मराठवाड्यातल्या प्रस्थापित दैनिकांनाही किमती, पुरवण्या आणि भेटवस्तूंच्या योजनांचा विचार नव्याने करावा लागला.

या युगाला एकतर्फी नावे ठेवणे अन्यायाचे होईल. ऑस्ट्रेलियन अभ्यासक रॉबिन जेफ्री यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात भारतीय भाषांमधल्या या वाढीला क्रांती म्हटले, त्याला आधार होता. साक्षरता, ऑफसेट छपाई, चांगले रस्ते आणि ग्रामीण बाजारपेठ शोधणारा जाहिरातदार एकत्र आले आणि तालुक्याच्या गावाला प्रथमच स्वतःचे पान मिळाले. ‘लोकमत’, ‘पुढारी’, ‘सकाळ’ यांच्या जिल्हा आवृत्त्यांमुळे पाणीटंचाई, कांद्याचे भाव आणि ग्रामपंचायतीचे राजकारण छापून येऊ लागले. २०१९ च्या भारतीय वाचक सर्वेक्षणात देशातल्या वृत्तपत्रवाचकांची संख्या साडेबेचाळीस कोटींवर गेली होती. पाच रुपयांचा अंक नसता तर यातले कित्येक वाचक कधीच मिळाले नसते.

पण वाचक स्वस्तात मिळाला की त्याचे वजनही हलके होते. ‘टाइम्स’ समूहाचे विनीत जैन यांनी २०१२ मध्ये ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाला मोकळेपणाने सांगितले होते, की नव्वद टक्के उत्पन्न जाहिरातीतून येत असेल तर आपला धंदा वृत्तपत्राचा नसून जाहिरातीचा आहे. बाकीचे मालक हे बोलत नाहीत, एवढाच फरक. वाचक नाराज झाला तर पाच रुपये जातात. बिल्डर, शिकवणीवर्ग किंवा पालकमंत्री नाराज झाला तर अख्खे पान जाते. हे गणित वृत्तसंपादकाला कोणी शिकवावे लागत नाही.

बातमीच विकायला निघाली

जाहिरातीवरचे अवलंबित्व वाढत गेले तशी बातमी आणि जाहिरात यांतली रेघ पुसट झाली. २००३ च्या सुमारास पुरवण्यांमधली प्रसिद्धी पैसे घेऊन छापण्याची उघड व्यवस्था झाली. नंतर कंपन्यांचे समभाग घेऊन त्या बदल्यात जाहिरातीची जागा देण्याचे करार आले. शेवटची पायरी निवडणुकीची. २००९ च्या लोकसभा आणि महाराष्ट्र विधानसभा निवडणुकांत उमेदवारांच्या ‘बातम्यां’ची पॅकेजे विकली गेल्याचा प्रश्न गाजला. ‘द हिंदू’मध्ये पी. साईनाथ यांनी महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या दैनिकांत एकाच मजकुराच्या, शब्दशः सारख्या बातम्या आल्याचे दाखवून दिले.

प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिने २०१० मध्ये वृत्तपत्रांची नावे घेऊन ७१ पानांचा अहवाल दिला. कौन्सिलने तो जसाच्या तसा प्रसिद्ध न करता नावे गाळून आटोपशीर केला. मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये लोकांसमोर आला. त्याच वर्षी निवडणूक आयोगाने उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना, छापील प्रसिद्धीचा खर्च हिशेबात न दाखवल्याबद्दल, तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. पैसे देऊन छापलेल्या बातमीवरून झालेली ही देशातली पहिली अशी कारवाई होती. शिक्षा उमेदवाराला झाली, कारण निवडणूक कायदा खर्चाचा हिशेब मागतो. पैसे घेणाऱ्याला शिक्षा करणारा कायदा नव्हता. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात ‘पेड न्यूज’ हा निवडणूक गुन्हा ठरवण्याची शिफारस केली.

प्रेस कौन्सिलची मर्यादाही इथेच दिसते. तिचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती मुधोळकरच होते. ‘सकाळ’च्या निकालात सरकारला दूर ठेवणाऱ्या न्यायाधीशावरच वृत्तपत्रांनी स्वतःला शिस्त लावावी, ही जबाबदारी आली. आणीबाणीत कौन्सिल बरखास्त झाली आणि १९७८ च्या कायद्याने पुन्हा उभी राहिली. पण तिच्या हाती ताकीद, समज आणि निषेध एवढेच आहे. दंड नाही, माफी छापायला लावण्याची सक्ती नाही. सरकारी हातात जादा अधिकार नकोत, हे त्यामागचे कारण रास्त आहे. मात्र ज्या उद्योगात दोषी ठरण्याची किंमत शून्य आहे, तिथे स्वनियमन ही सभ्यतेवर सोडलेली गोष्ट राहते.

सरकार: नियामक आणि गिऱ्हाईक

सर्वांत नाजूक प्रश्न सरकारी जाहिरातीचा आहे. केंद्राच्या जाहिराती १९५५ पासून ‘डीएव्हीपी’ हे केंद्राचे जाहिरात संचालनालय देत असे. आता ते काम ‘केंद्रीय संचार ब्युरो’ करतो. राज्यात माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या यादीवर असल्याशिवाय दैनिकाला शासकीय जाहिरात मिळत नाही. निविदा, जाहीर नोटिसा, जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या सूचना, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या शुभेच्छा यांवर जिल्ह्यातली कित्येक दैनिके उभी आहेत. ई-निविदा आल्यावर निविदांच्या जाहिराती आकसल्या, तसा हा आधारही कमी झाला. मग तालुक्याच्या वार्ताहराच्या डोक्यावर जाहिरातीचे उद्दिष्ट येते. त्याला बातमीचे मानधन नाममात्र आणि वाढदिवसाच्या पुरवणीतल्या जाहिरातीवर कमिशन. ज्या पुढाऱ्याविषयी लिहायचे, त्याच्याकडेच पैसे मागायला जायचे, अशी ही व्यवस्था आहे.

दर सरकारच ठरवते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने मुद्रित जाहिरातींचे दर २६ टक्क्यांनी वाढवले: एक लाख खपाच्या दैनिकासाठी कृष्णधवल जाहिरातीचा दर चौरस सेंटिमीटरला ४७.४० रुपयांवरून ५९.६८ रुपये झाला. याआधीची वाढ २०१९ ची होती. खासगी बाजारातल्या दरांपेक्षा हे दर मोठ्या दैनिकांसाठी फार कमी आहेत, पण लहानांसाठी तोच जीवनाधार.

हे साधन शिक्षा म्हणूनही वापरता येते, याचा पुरावा सरकारी दस्तऐवजांतच आहे. आणीबाणीत वृत्तपत्रांची ‘मित्र’, ‘तटस्थ’ आणि ‘विरोधी’ अशी वर्गवारी करून त्यानुसार जाहिराती दिल्या-थांबवल्या गेल्या, हे १९७७ मध्ये जनता सरकारने काढलेल्या श्वेतपत्रिकेने समोर आणले. ही सवय एका पक्षाची किंवा एका काळाची नाही. २०१९ मध्ये तीन मोठ्या इंग्रजी वृत्तपत्रसमूहांच्या केंद्रीय जाहिराती थांबल्याच्या बातम्या आल्या आणि विरोधकांनी लोकसभेत त्यावर आवाज उठवला. राज्याराज्यांतली उदाहरणे यापेक्षा जास्त आहेत आणि ती बहुधा बातमीतही येत नाहीत.

न्यायालयाने या प्रश्नाला एकदा स्पर्श केला. मे २०१५ मध्ये ‘कॉमन कॉज’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी जाहिरातींतल्या नेत्यांच्या छायाचित्रांवर मर्यादा आणली. मार्च २०१६ मध्ये मुख्यमंत्री आणि मंत्र्यांच्या छायाचित्रांना पुन्हा मुभा मिळाली. चर्चा जाहिरातीत कोणाचा चेहरा असावा याची झाली. जाहिरात कोणत्या दैनिकाला, कोणत्या निकषाने आणि किती रुपयांची मिळाली, हा मुख्य प्रश्न होता तिथेच राहिला.

पगाराचा प्रश्न

१९५५ च्या कायद्याने पत्रकारांना वेतन मंडळांचे संरक्षण दिले. दिवाटिया मंडळापासून पालेकर, बच्छावत, मणिसाना अशी परंपरा मजिठिया मंडळापर्यंत आली. मजिठियाच्या शिफारशी नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित झाल्या आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. तोवर मोठ्या वृत्तपत्रांनी कायम नोकऱ्यांऐवजी कंत्राटे दिली होती. जुनीच वेतनश्रेणी हवी, असे लेखी कर्मचाऱ्यांकडून घेण्याचे प्रकार झाले. जून २०१७ मध्ये न्यायालयाने कंत्राटी पत्रकारांनाही शिफारशी लागू असल्याचे स्पष्ट केले, पण वसुलीसाठी प्रत्येकाला कामगार आयुक्तांच्या दारात उभे राहावे लागले. आता हा कायदाच कामगार संहितांमध्ये विरघळला आहे. त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. वेतन मंडळाचे युग संपले. नोकरीची शाश्वती नसलेला वार्ताहर जाहिरातदाराला किंवा मालकाला नकार देऊ शकत नाही, म्हणून पगार हाही मुद्रणस्वातंत्र्याचाच प्रश्न आहे.

मोजणार कोण?

जाहिरातीचा दर खपावर ठरतो, म्हणून खपाचा आकडा हे या धंद्यातले चलन आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेली ‘ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स’ ही प्रकाशक आणि जाहिरातदारांची संस्था सभासद वृत्तपत्रांचा खप तपासते. तिच्या सभासदांचा सरासरी रोजचा खप २००६ मध्ये ३ कोटी ९१ लाख होता, २०१६ मध्ये ६ कोटी २८ लाख झाला. जानेवारी ते जून २०२५ मध्ये तो सुमारे २ कोटी ९७ लाख होता. आधीच्या सहामाहीपेक्षा २.७७ टक्के जास्त. सभासदांची संख्या कमी-जास्त होत असल्याने या आकड्यांची थेट वजाबाकी करता येत नाही. पण दिशा कळते, आणि घसरत्या काळात मोठी वृत्तपत्रे तपासणीतून बाहेर राहणे पसंत करतात हेही कळते. वाचक सर्वेक्षणाचे तर २०१९ नंतर वर्षानुवर्षे नवे निकाल आले नाहीत. सरकारी यादीसाठी लहान दैनिके स्वतःच खप जाहीर करतात. अशा दैनिकांचे अंक छापखान्यातून थेट रद्दीत जातात, हे जिल्ह्याच्या ठिकाणी उघड गुपित आहे.

मालकीचेही असेच आहे. १९५६ च्या नियमांपासून दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला ‘फॉर्म ४’ आतल्या पानावर बारीक टाइपात छापला जातो. मालक, प्रकाशक आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असणारे भागधारक त्यात असतात. पण त्या कंपनीमागची कंपनी, तिचे कर्जदाते आणि तिचे इतर धंदे त्यातून कळत नाहीत. परकी भांडवलावर मर्यादा आहे: २००२ पासून बातमीच्या वृत्तपत्रात २६ टक्के, आणि २०१९ पासून डिजिटल बातम्यांनाही तीच. देशी मालकाने एकाच शहरात दैनिक, वाहिनी, रेडिओ आणि केबल सगळे घेण्यावर मात्र मर्यादा नाही. दूरसंचार नियामकाने ऑगस्ट २०१४ मध्ये मालकीच्या मर्यादांची शिफारस केली होती. ती धूळ खात पडून आहे.

नवा कायदा, नवा मध्यस्थ

१८६७ चा वसाहतकालीन मुद्रण आणि नोंदणी कायदा अखेर गेला. त्याच्या जागी २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला. जिल्हा दंडाधिकाऱ्यासमोर घोषणापत्र देण्याची जाचक पायरी गेली, शीर्षक आणि नोंदणी एकाच ऑनलाइन अर्जात आली, बहुतेक शिक्षा दंडापुरत्या उरल्या. त्याचबरोबर खप तपासण्यासाठी आवारात शिरण्याचा अधिकार महानिबंधकाला मिळाला आणि दहशतवादी किंवा बेकायदा कृत्यांच्या कायद्याखाली दोषी ठरलेल्यास नियतकालिक काढण्याची बंदी आली. कायदा सोपा झाला, पण लक्ष अजून नोंदणीवरच आहे. उत्पन्नाच्या वाटेवर नाही.

दरम्यान पैशाची वाट पुन्हा वळली. महासाथीत महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२० मध्ये घरपोच वितरणावर बंदी घातली. काही दिवसांत ती शिथिल झाली तरी मुंबई-पुण्यात कायम राहिली. त्या काळात तुटलेले अनेक वाचक मोबाइलवरच राहिले. त्या वर्षी मुद्रित उलाढाल सुमारे १९,००० कोटींवर कोसळली आणि २०२३-२४ पर्यंत २६,००० कोटींच्या आसपास येऊन थबकली. जाहिरातीचा नवा ओघ गूगल आणि मेटाकडे गेला. वृत्तपत्रांच्या डिजिटल शाखांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला. २०२४ मध्ये ‘एएनआय’ या वृत्तसंस्थेने आपल्या बातम्यांवर कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली प्रशिक्षित केल्याबद्दल ‘ओपनएआय’विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यासारखी मोबदल्याची सक्ती भारतात अजून नाही. झालीच तर तो पैसा मोठ्या समूहांनाच मिळेल की सांगली-परभणीच्या दैनिकालाही, हा प्रश्न तेव्हा विचारावा लागेल.

सरकारचे लक्ष मात्र डिजिटल मजकुरावर आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. सरकारविषयीचा मजकूर खरा की खोटा हे सरकारनेच ठरवण्याचा २०२३ चा तथ्य-तपासणी नियमही याच न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

वाट कोणती?

मजकुरावर नियंत्रण नको, हे मान्य. पाने आणि किंमत यांवरही नको. तो धडा १९६१ मध्येच मिळाला. पण नियंत्रण आणि पारदर्शकता या वेगळ्या गोष्टी आहेत आणि ‘सकाळ’चा निकाल दुसरीच्या आड येत नाही.

पहिली गरज सार्वजनिक पैशाच्या हिशेबाची. केंद्र, राज्य, महापालिका आणि सरकारी कंपन्या यांनी कोणत्या वृत्तपत्राला वर्षात किती रुपयांची जाहिरात दिली, हे दैनिकनिहाय, ठरल्या तारखेला प्रसिद्ध करणे कायद्याने बंधनकारक व्हावे, आणि वाटपाचा निकष बदलायचा तर तो आधी जाहीर व्हावा. जाहिरात बंद करण्याचे कारण लेखी द्यावे लागले, तर तो निर्णय न्यायालयात तपासता येईल. दुसरी गरज मालकीची: ‘फॉर्म ४’ मध्ये अंतिम मालक, मोठे कर्जदाते आणि मालकाचे इतर व्यवसाय यावेत. तिसरी, खपाची तपासणी त्रयस्थ संस्थेकडून आणि सरकारी यादीसाठी सक्तीची. चौथी, विधी आयोगाच्या शिफारशीप्रमाणे पैसे घेऊन निवडणुकीच्या बातम्या छापणे गुन्हा ठरावा, आणि तो घेणाऱ्यालाही लागू व्हावा.

उरतो वाचकाचा वाटा. केरळातल्या मल्याळम दैनिकांची किंमत मराठी दैनिकांपेक्षा सहसा जास्त असते आणि तरीही ती देशातल्या सर्वाधिक खपाच्या वृत्तपत्रांमध्ये टिकून आहेत. मराठी वाचक जास्त पैसे देणार नाही, हे गृहीत मालकांनी कधी प्रामाणिकपणे तपासले नाही, कारण जाहिरातदाराला मोठा खप हवा होता. जाहिरातदारच निघून चालला असताना हे गृहीत धरून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र किंमत वाढवणाऱ्याने त्या किमतीचा मजकूर द्यावा लागेल. वाढदिवसांच्या पुरवणीसाठी कोणी दहा रुपये मोजणार नाही.

यातली एकही सूचना संपादकाच्या टेबलापर्यंत पोचत नाही. कोणती बातमी छापावी, कोणता अग्रलेख लिहावा, यात कोणालाही हात घालता येत नाही. हिशेब उघडा करण्याच्या आड मुद्रणस्वातंत्र्य येत नाही. आड येते ती जाहिरात देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सोय.